स्टेरॉइडची गोळी चालू असताना काढा, चूर्ण आणि पावडर: काय थांबवायचं, काय चालतं, कसं तपासायचं

धारूरकडच्या एक मावशी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. दुकानाला पायऱ्या तीनच आहेत. मुलानं काखेत हात घालून उचललं तेव्हा आत आल्या. आमवातासाठी दीड वर्षापासून त्यांची प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती, रोज सकाळी एक. "पायात जीवच न्हाई राहिला बगा," म्हणाल्या. घोट्याच्या वर मी अंगठा दाबला. खळगा पडला आणि मी हात काढल्यावरही तसाच राहिला.

त्यांची पिशवी उघडून बघितली. गोळ्यांच्या खाली दुधाच्या पिशवीत बांधलेली पिवळसर पूड निघाली. ज्येष्ठमध. दिवाळीपासून खोकला होता म्हणून महिनाभर दोन्ही वेळा चमचा चमचा मधातून चालू होता. त्याच्याही खाली पोट साफ करायच्या चूर्णाची डबी होती. वेष्टनावर पहिलंच नाव सोनामुखी.

"मावशी, हे डॉक्टरला दाखवलं का?"

"त्यात काय दाखवायचं माय? झाडपालाच हाय की."

त्याच दिवशी स्वारातीत, म्हणजे अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, रक्त तपासलं. पोटॅशियम २.७ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. दाखल करून घेतलं, पोटॅशियम दिलं, ज्येष्ठमध आणि चूर्ण बंद केलं, प्रेडनिसोलोन मात्र तसंच चालू ठेवलं. दोन आठवड्यांत सूज उतरली आणि मावशी स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आल्या.

अंबाजोगाईत औषधाच्या दुकानात उभी राहून मला १७ वर्षं झाली. केज, रेणापूर, परळी, धारूरची माणसं येतात. "झाडपालाच हाय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी स्टेरॉइडची चिठ्ठी पुढे केली की गोळी द्यायच्या आधी "आणखी काय काय घेता?" एवढं विचारतेच. सुरुवातीची काही वर्षं मी विचारत नव्हते, त्याचं वाईट वाटतं. दवाखान्यात डॉक्टर "दुसरं औषध चालू आहे का?" असं विचारतात आणि माणूस खरेपणानं "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी काढा, चूर्ण, प्रोटीनचा डबा हे औषधच नसतं. घोळ तिथंच होतो. हा लेख त्यासाठी आहे. घरात कुणाचं स्टेरॉइड चालू असेल तर एक दुपार काढा आणि खाली लिहिल्याप्रमाणे एकेक काम करत जा.

पहिलं काम: घरात स्टेरॉइड आहे का ते ओळखा

स्टेरॉइड म्हटलं की आपल्या पोरांना जिममधली इंजेक्शनं आठवतात. ती वेगळी. इथं मी म्हणतेय ते दमा, आमवात, ल्युपस (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), त्वचारोग, किडनीची सूज, कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन, किडनी बदलल्यानंतर, अशा आजारांत डॉक्टर देतात ते स्टेरॉइड. आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तयार करतात. ही औषधं त्या कॉर्टिसोलचं काम करतात, पण जास्त जोरात. १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. औषध मोठं आहे, जीव वाचवणारं आहे. त्याच्याबद्दल भीती घालायचा माझा अजिबात हेतू नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक असतं. ते बारीक नाव वाचा: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन. यातलं कोणतंही असलं तर ते स्टेरॉइड आहे. वाचता येत नसेल तर दुकानात विचारा, सांगणं हे आमचं कामच आहे.

गोळी लहान आहे म्हणजे औषध हलकं, असं समजू नका. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमचं जे काम, तेच मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६, हायड्रोकॉर्टिसोन २० आणि डेक्सामेथासोन अवघं ०.७५ मिलिग्रॅम करतं. खेड्यापाड्यांत "अर्ध्या पॉइंटाची बारकी गोळी" म्हणून डेक्सा किंवा बीटामेथासोन ताप, खाज, अंगदुखी कशावरही दिली जाते, आणि माणसं ती महिनोन्महिने घेत राहतात. तीन आठवड्यांच्या पुढे रोज स्टेरॉइड पोटात गेलं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावतात. म्हणून ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. हे वाक्य या लेखात पुन्हा येईल, कारण इथं चूक झाली तर जीव जातो.

दम्याचा पंप आणि त्वचेवरचं मलम यांच्यातून रक्तात साधारणपणे फार थोडं औषध जातं. पुढचं बहुतेक सगळं पोटातून घ्यायच्या गोळ्यांबद्दल आहे. गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर मधुमेह असलेल्यांनी पुढचे काही दिवस साखर बघावी, इतकंच.

दुसरं काम: सगळं एका टॉवेलवर मांडा

घरातल्या त्या माणसाच्या तोंडात जे जे जातं ते सगळं एका टॉवेलवर काढून ठेवा. गोळ्या तर आल्याच. त्यासोबत काढ्याचं साहित्य, चूर्णाच्या डब्या, च्यवनप्राश, आठवडी बाजारातून आणलेल्या पुड्या, खडीसाखर-ज्येष्ठमधाच्या वड्या, पोरानं ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल, पाहुण्यांनी योजनेत नाव घालून गळ्यात मारलेले "इम्युनिटी"चे डबे, जिमची पावडर, आणि फ्रिजच्या दारातली आवळा-कोरफडीच्या रसाची बाटली. आजीच्या उशाखालचं विसरू नका, तिथं हमखास काहीतरी असतं.

मग वहीच्या एका पानावर लिहा: नाव काय, कधीपासून, दिवसातून किती वेळा, किती चमचे, आणि कुणी सांगितलं. वेष्टनावर घटक छापलेले असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ज्या पुडीवर काहीच छापलेलं नाही ती बाजूला ठेवा, तिच्याकडे आपण नंतर येणार आहोत.

तिसरं काम: एकेक उचला आणि ठरवा

*ज्येष्ठमध.* मी हे पहिलं ठेवते, कारण आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि स्टेरॉइडशी याचंच सगळ्यात वाईट जुळतं. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचा गोड घटक असतो. आपल्या किडनीत एक पहारेकरी असतो, म्हणजे एक एन्झाइम, जो कॉर्टिसोलला मीठ-पाण्याच्या कारभारात हात घालू देत नाही. ग्लिसिरायझिन त्या पहारेकऱ्याला झोपवतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सांडून देतं. रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, मांड्यांत ताकद राहत नाही, छाती धडधडते. स्टेरॉइड आधीच थोड्या प्रमाणात हेच करत असतं. शिवाय प्रेडनिसोलोन शरीरातून बाहेर पडण्याचा वेगही ज्येष्ठमधानं मंदावतो, म्हणजे १० मिलिग्रॅमची गोळी १० पेक्षा जास्त जोर दाखवते.

युरोपातल्या तज्ज्ञांनी ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरली आहे. भरलेला एक चमचा ज्येष्ठमध पावडर ती सहज ओलांडते. एखाद्या दिवशी घसा बसला म्हणून काडी चघळली तर आभाळ कोसळत नाही. पण स्टेरॉइड चालू असताना रोज चमच्यानं घेणं बंद. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन असेल, तर चिमूटभरही नको. बंद केल्यावरही त्याचा परिणाम जायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे "सोडून चार दिवस झाले, तरी सूज आहे" म्हणून घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. खोकल्याची चाटणं, सर्दीच्या काढ्याची तयार पाकिटं, पानातला मसाला, यांतही ज्येष्ठमध असतं. घटकांत यष्टिमधु किंवा मुलेठी लिहिलं असेल तर तेच ते.

यात आयुर्वेदाविरुद्ध काही नाही. आमच्या गल्लीतल्या वैद्यबाईसुद्धा रक्तदाब आणि सूज असलेल्याला ज्येष्ठमध देत नाहीत. देतात ते शेजारी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ.

*पोट साफ करायची चूर्णं.* सोनामुखी, काळा बोळ, कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा कडू चीक. ही सगळी आतड्याला चाबूक मारणारी औषधं. अधूनमधून एखाद्या वेळी ठीक आहेत, पण रोज घेतली की शौचावाटे पोटॅशियम जातं. स्टेरॉइड एका दारानं काढतंय आणि चूर्ण दुसऱ्या दारानं. मावशींच्या घरात तर ज्येष्ठमधाचं तिसरं दारही उघडं होतं. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, पालेभाजी वाढवा. इसबगोल मात्र गोळीसोबत नको, दीड-दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी त्याच्या चिकट लगद्यात अडकते. कोरफडीचा धुतलेला गर वेगळा, चीक वेगळा. बाटलीतल्या रसात नेमकं काय आहे ते कळत नसेल तर बाटली बाजूला ठेवा.

*गुळवेल आणि "इम्युनिटी" वाढवणारं सगळं.* इथं थोडं थांबून विचार करायला लागतो. ल्युपस, आमवात, यकृताची स्वतःच्याच शरीरानं केलेली सूज, किडनी बदललेली असणं, या सगळ्यांत डॉक्टर स्टेरॉइड कशाला देतात? प्रतिकारशक्ती शांत करायला. ती पिसाळून घरच्याच माणसांना चावायला लागलेली असते. आणि आपण सकाळी उठून त्याच माणसाला प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा देतो. एक जण लगाम ओढतोय, दुसरा चाबूक मारतोय. घोड्यानं करायचं काय?

कोरोनात गुळवेलीचे वेल कुंपणावरून उपटून घरोघरी उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं यकृत प्रतिकारशक्तीनंच बिघडवलेलं दिसलं. निरोगी माणसानं गुळवेल घ्यावी की नाही या वादात मी पडत नाही. पण वर लिहिलेल्या आजारांसाठी ज्याचं स्टेरॉइड चालू आहे त्यानं ती घेऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकिनेशिया या परदेशी वनस्पतीच्या कॅप्सूल याच रांगेत. अश्वगंधाही. तिनं प्रतिकारशक्ती, थायरॉइड आणि कॉर्टिसोल तिन्हींवर परिणाम होऊ शकतो, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कनं तिच्यावर बंदी घातली.

एक गंमतीची वाटेल पण गंभीर गोष्ट. "अल्फाल्फा" नावाच्या महागड्या हिरव्या गोळ्या मिळतात. अल्फाल्फा म्हणजे आपण म्हशीला घालतो तो लसूणघास. जनावरांना उत्तम. पण ल्युपसच्या रुग्णांत त्याच्या गोळ्यांनी आजार पुन्हा उफाळल्याची नोंद आहे. ल्युपस असेल तर अल्फाल्फाला हातसुद्धा लावायचा नाही.

*वजन उतरवायच्या, "फॅट बर्नर" कॅप्सूल.* यांत सोमलता म्हणजे इफेड्रा असू शकते. ती डेक्सामेथासोन शरीरातून लवकर बाहेर घालवते, वर रक्तदाब आणि धडधड वाढवते. अमेरिकेनं २००४ मध्येच पूरक आहारातून ती काढून टाकली. स्टेरॉइडनं वजन वाढलं म्हणून पोरी या कॅप्सूल मागवतात. मला कळतं, आरशातला गोल चेहरा बघवत नाही. पण डोस उतरला की चेहऱ्याचा गोलावा आपोआप कमी होतो, त्यासाठी कॅप्सूल लागत नाही.

*सेंट जॉन्स वर्ट.* उदास वाटतं म्हणून ऑनलाइन मागवतात. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन जसं स्टेरॉइडचा निकाल लवकर लावतं, तसंच ही वनस्पती करू शकते. मग गोळी चालू असते पण आजार आवरत नाही. नको.

*मोसंबी.* इंटरनेटवर "ग्रेपफ्रूट टाळा" वाचून जालन्याकडची एक ताई घाबरून आली होती, तिच्या घरची मोसंबीची बाग. ग्रेपफ्रूट वेगळं फळ, त्यानं मिथाइलप्रेडनिसोलोनचा जोर वाढतो. त्याचंच भावंड म्हणजे पपनस, तेही टाळलेलं बरं. आपली मोसंबी आणि संत्री खुशाल खा. मात्र रस काढून ग्लास-ग्लास पिऊ नका, ते साखरेसाठी.

*साखर वाढवणारं आणि साखर उतरवणारं.* स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते, ज्याला मधुमेह नाही त्याचीसुद्धा. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीनं आपल्या भागात काय केलं ते आपण पाहिलंय, आणि त्यात स्टेरॉइड आणि बेसुमार वाढलेली साखर यांचा मोठा हात होता. च्यवनप्राशचा निम्म्याहून मोठा भाग साखरेचाच असतो. वजन वाढवायच्या पावडरी, मधातली चाटणं, शक्तिवर्धक सिरप, सगळ्यांत साखर.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. स्टेरॉइडनं साखर वाढली की डॉक्टर मधुमेहाची गोळी चालू करतात. घरचे वर जांभूळबियांची पूड, कारल्याचा रस, क्रोमियमच्या कॅप्सूल चालू करतात. पुढे स्टेरॉइडचा डोस कमी होत जातो, साखर आपसूक उतरायला लागते, पण गोळी, पूड, रस तिन्ही चालूच. मग एका पहाटे माणूस घामानं थबथबलेला, बरळत असलेला सापडतो. स्टेरॉइडचा डोस बदलला की त्याच दिवशी विचारा: "साखरेच्या औषधाचं काय करू?" आणि पूड-रस मनानं जोडू नका.

*हळद, लसूण, फिश ऑइल, ग्लुकोसामाइन.* भाजीतली हळद आणि चटणीतला लसूण कधीच प्रश्न नव्हता. कॅप्सूलमधला अर्क, त्यातही मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल, ही वेगळी चीज आहे. यकृताला इजा झालेली माणसं त्यात सापडली आहेत. स्टेरॉइडसोबत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर जठराला व्रण होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात रक्त पातळ करणाऱ्या लसणाच्या किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल घालू नका. ग्लुकोसामाइनचं स्टेरॉइडशी मोठं भांडण नाही, पण रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर नको.

*मीठ.* "लो सोडियम" मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अधू असेल तर ते घातक. साधंच मीठ घ्या, कमी घ्या. सैंधव हेही शेवटी मीठच. लोणचं, पापड, शेंगदाण्याच्या चटणीतलं मीठ मोजा.

*भस्मं.* शिसं, पारा असलेल्या भस्मांनी किडनी बिघडते. किडनीच्या सुजेसाठीच स्टेरॉइड चालू असलेल्या लेकराला तर ती बिलकूल नको.

बाजूला ठेवलेली ती पुडी

आता बिनानावाच्या पुडीकडे येऊ. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं कमरेनं, गुडघ्यानं पिचलेली असतात. बाजारच्या दिवशी कुणीतरी "वाताची पुडी" देतो. दोन दिवसांत दहा वर्षांचं दुखणं पळतं, भूक सपाटून लागते, तोंडावर तकाकी येते. दम्याच्या पुडीचंही तेच. झाडपाल्यानं इतक्या झटक्यात उतार पडत नाही. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून मिसळलेलं सापडतं, वर दुखण्याचं औषधही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांधेदुखीच्या अशाच "नैसर्गिक" गोळ्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. वेष्टनावर कुठंही न लिहिलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक त्यांत निघालं.

दवाखान्याची स्टेरॉइडची गोळी चालू असताना वर अशी पुडी म्हणजे दुहेरी डोस. आणि फसगत पुढे आहे. कुणी सांगतं "पुडीत स्टेरॉइड आहे", माणूस घाबरून सगळं एकदम फेकून देतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. सुस्तावलेल्या ग्रंथी इतक्या लवकर कामाला लागत नाहीत.

म्हणून असं करा. पुडी फेकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून एमडी डॉक्टरांकडे न्या. किती दिवस घेतली ते खरं सांगा, कुणी रागावणार नाही, रागावलं तरी सांगा. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल तपासता येतं. ते फार कमी आलं तर ग्रंथी सुस्तावल्याचं कळतं, आणि मग डॉक्टर ठरलेल्या डोसची गोळी देऊन ती हळूहळू उतरवतात. पुडीची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

चौथं काम: जे खरंच लागतं ते नीट घ्या

सगळंच बंद करायचं नाही. स्टेरॉइड हाडं पोखरतं, शिवाय त्यानं अन्नातलं कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गोळी चालणार असेल तर अन्न आणि गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट ड जीवनसत्त्व मोठ्या माणसाला लागतं. वाटीभर दही, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, यातून बरंचसं येतं. उरलेलं गोळीतून. ज्यांना मुतखडा आहे त्यांनी आधी विचारावं.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल असते. ती आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच. चिठ्ठीवरचं नीट न कळल्यामुळे रोज एक घेतलेली माणसं माझ्यापुढे आली आहेत. रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, किडनीवर ताण. रविवारची कॅप्सूल असेल तर कॅलेंडरवर रविवारी खूण करा.

वेळा अशा लावा. स्टेरॉइड सकाळी नाश्त्यानंतर, आठच्या सुमारास, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही सकाळीच चढतं आणि रात्री उशिरा घेतली तर झोप उडते. रिकाम्या पोटी नाही. डॉक्टरांनी दोन वेळा लिहिली असेल तर त्यांचं ऐका. आम्लपित्ताचं पांढरं पातळ औषध गोळीच्या आगेमागे दोन तास नको. कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या आणि रात्रीच्या भाकरीसोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, कारण एकदम जास्त घेतलं तर शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तास. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र नको. हाडांची आठवड्याची गोळी, ॲलेंड्रोनेट, चालू असेल तर ती उठल्याउठल्या साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि त्या अर्ध्या तासात कॅल्शियमही नाही.

पाचवं काम: घरच्या घरी लक्ष ठेवा

आठवड्यातून एकदा वजन आणि रक्तदाब. घोट्याच्या वर अंगठा दाबून बघा, खळगा राहतो का. साखर बघायची तर उपाशीपोटीच्या तपासणीवर समाधान मानू नका. सकाळच्या प्रेडनिसोलोननं साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघा. पाटावरून किंवा जमिनीवरून उठताना हात टेकावे लागायला लागले, पायऱ्या जड झाल्या, तर डॉक्टरांना पोटॅशियम तपासायला सांगा. स्टेरॉइडनं मांड्यांचे स्नायूही झिजतात, त्यामुळे कारण कोणतं ते तपासल्यावरच कळतं.

थांबायचं नाही अशा खुणा: डांबरासारखं काळं शौच, डोळे किंवा लघवी पिवळीधमक, छातीत धडधड आणि चक्कर, गोळी टिकू न देणाऱ्या उलट्या, गुंगी. यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा आणि टॉवेलवरचं सगळं पिशवीत भरून सोबत न्या.

सहावं काम: घर सोडण्याआधी

दसरा-दिवाळीनंतर कोयते गाडीत पडतात आणि माणसं पाच-सहा महिने कारखान्यांच्या फडावर जातात. फडावर गोळी संपली, तिथल्या दुकानात तीच मिळाली नाही, म्हणून बंद झाली, असं होता कामा नये. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इतके महिने बाहेर आहोत. गोळ्यांचा साठा दोन ठिकाणी विभागून ठेवा, अर्धा बायकोच्या पिशवीत, अर्धा आपल्या. वारीला जाणाऱ्यांनीही तेच. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर डोस वाढवावा लागतो का, किती, हे आधीच विचारून वहीत लिहून घ्या. अंदाजानं वाढवू नका.

आणि एक जाड कागद घ्या, वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडाही चालतो, त्यावर खालचं लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात किंवा पाकिटात ठेवा. रिकाम्या जागी आपली माहिती भरा. आमच्या दुकानात मागितलं तर आम्ही लिहून देतो, तुमच्या गावच्या दुकानदारालाही सांगा.

"मी ........ या आजारासाठी ........ हे स्टेरॉइड रोज ........ मिलिग्रॅम, ........ पासून घेत आहे. हे औषध एकदम बंद करू नये. उलट्या, चक्कर, बेशुद्धी किंवा मोठा अपघात असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन ताबडतोब लागू शकतं. यासोबत मी घेत असलेली इतर औषधं, काढे आणि पावडरी: ........ माझ्या डॉक्टरांचा फोन: ........ घरचा फोन: ........"